दौतरावांची सीलबंद शाई

शाईची बाटली उघडायला दोन पंच लागतात असं मानणारा माणूस जगात एकच होता, आणि नेमकं त्याच्याच लेकीचं त्या दिवशी लग्न होतं.

लग्न नोंदणी कचेरीतलं. बँड नाही, मांडव नाही, रुसणारी माणसं नाहीत. सकाळी कचेरीत जायचं, नंबर लागला की सह्या ठोकायच्या, फोटोत दात दाखवायचे आणि घरी यायचं. लेकीनं आधीच सांगून टाकलं होतं, की घरातल्या कोणावरही वेळेवर तयार होण्यापलीकडे काही जबाबदारी नाही. फक्त बाबांवर एक आहे. साक्षीदार म्हणून पहिली सही बाबांची.

बाबा म्हणजे दौतराव. हे नाव त्यांना कचेरीनं दिलं होतं, अर्थातच पाठीमागे. पुढ्यात सगळे त्यांना साहेब म्हणत, कारण सीलं त्यांच्या हातात होती. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. लिफाफ्यात कागद घालायचे, तोंड चिकटवायचं, लाख वितळवून तिचा ठिपका पाडायचा आणि तो गरम आहे तोवर त्यावर पितळी शिक्का दाबायचा. आतल्या कागदानं कोणाचं घर उभं राहिलं, कोणाचं बसलं, कोण ठेकेदार गबर झाला, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. ठिपका गोल आला की त्यांना जेवण गोड लागायचं. असली माणसं निवृत्त होतात तेव्हा कचेऱ्या सुटकेचा निःश्वास टाकतात आणि घरं अडकतात. दौतराव पितळी शिक्का जमा करून घरी आले आणि येताना उरलेल्या लाखेच्या कांड्या तेवढ्या घेऊन आले. त्यानंतर बायकोच्या घरात बिस्किटांचा डबासुद्धा बिनसीलाचा राहिला नाही.

निरोप समारंभात सहकाऱ्यांनी वर्गणी काढून त्यांना एक शाईची बाटली दिली. परदेशी, जाड काचेची, पत्र्याच्या झाकणाची, गडद निळी, पक्की शाई. वर्गणी कमी जमली म्हणून बाटली आली, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ येणार होतं. पण दौतरावांनी त्यात आपल्या अक्षराचा गौरव पाहिला. अक्षर होतंच तसं. छापलेल्यासारखं. मजकुरात कधी काही नसायचं, पण तो नसलेला मजकूर इतका सुंदर लिहिलेला असायचा, की वरिष्ठ न वाचताच मंजूर करायचे.

'योग्य प्रसंगी उघडू' म्हणून त्यांनी बाटलीच्या झाकणावर घरच्या घरी लाख ओतली, शिक्का नाही म्हणून अंगठीचा खडा दाबला आणि ती कपाटात ठेवून दिली. मग वर्षानुवर्षं एकही प्रसंग त्यांच्या शाईच्या लायकीचा निघाला नाही. मध्यमवर्गीय माणसाचं हे असंच असतं. चांगली चादर पाहुण्यांसाठी, चांगले कप पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे आले की त्यांची लायकी नाही म्हणून पुन्हा जुनेच कप.

लेकीनं मुलगा स्वतः निवडला. मुलगा निर्व्यसनी, कमावता, स्वभावानं गरीब. दोष एकच होता, पण दौतरावांच्या मते तो फाशीच्या लायकीचा होता. तो एका कंपनीसाठी गावोगाव बॉलपेनं विकायचा.

"बॉलपेन!" दौतराव म्हणाले होते. "हगवण लागलेली काडी. उन्हाळ्यात गळते, थंडीत आखडते. हिच्यानं माणसं लिहीत नाहीत, ओरबाडतात."

पण त्यांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. त्यांनी जन्मात कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्यांच्या कचेरीत नाही म्हणायची पद्धत नव्हती, 'विचाराधीन' म्हणायची होती. लेकीचं लग्न असं महिनोन् महिने विचाराधीन राहिलं. ती विचारायची, ते चष्मा पुसायचे. ती रडायची, ते पंखा कमी-जास्त करायचे. शेवटी ती दमली आणि एका संध्याकाळी म्हणाली, "बाबा, तारीख घेतलीय. तुमची सही असली तर मला आवडेल."

दौतराव उठले, कपाट उघडलं, बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "याच शाईनं करीन."

बस, एवढंच. पण ज्या घरात बाप वाढदिवसाला पोरीच्या पाठीवर थाप मारताना घड्याळाकडे बघतो, त्या घरात याला आशीर्वाद म्हणतात. लेक आत जाऊन आईच्या गळ्यात पडली. ती बाटली म्हणजे बाबांचा होकार होता. सीलबंद, पण होकार.

आणि आता लग्नाच्या दिवशी सकाळी ती उघडायची होती.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? चाकूनं लाख खरवडली असती, झाकण फिरवलं असतं, पेन भरलं असतं. दौतरावांनी आदल्या दिवशीच पेन कोमट पाण्यात धुऊन, कोरडं करून, नव्या शाईसाठी रिकामं ठेवलं होतं. रोजची शाई त्यांनी हातात धरायलाही नकार दिला. ती पाण्यानं जाणारी. "लग्नाची सही धुऊन जाणाऱ्या शाईनं करू?" हा प्रश्न त्यांनी बायकोला विचारला. लग्न कोणत्या शाईनं टिकतं याबद्दल तिला जे म्हणायचं होतं ते ती म्हणाली नाही, कारण तिची अंघोळ व्हायची होती.

पण सील असं एकट्यानं फोडायचं नसतं. दोन पंच लागतात. पंचांनी सील शाबूत असल्याची खात्री करायची, मग त्यांच्यासमक्ष फोडायचं. दौतरावांनी बनियनवरच जाऊन वरच्या मजल्यावरून सोसायटीच्या चेअरमनना आणि तळमजल्यावरून दातांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. बायकोचा धाकटा भाऊ लग्नासाठी मुक्कामाला होताच. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मेहुण्यांना बोलवावं लागत नाही.

चेअरमननी बाटली उजेडात धरून पाहिली. डॉक्टरांनी सवयीनं तिला "आ करा" म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं.

"सील शाबूत," चेअरमन म्हणाले.

"शाबूत," डॉक्टर म्हणाले. "चहा टाकलाय का?"

दौतरावांनी चाकूच्या टोकानं लाखेचा वरचा ठिपका उडवला. छाती थोडी भरून आली. मग त्यांनी झाकणाला हात घातला आणि फिरवलं.

झाकण हललं नाही.

त्यांनी जोर लावला. कपाळावरची शीर वर आली. चेअरमन उगाचच खाकरले. दौतराव हसले, म्हणजे ओठ ताणले, आणि म्हणाले, "पॅकिंग चांगलंय." मग धोतराच्या कापडानं धरून फिरवलं. मग रबरी मोजा घालून. झाकण आपलं शांत.

"भावजी, सरका," मेहुणा म्हणाला.

हा मेहुणा म्हणजे सगळं येणारा माणूस. त्याला गॅसही दुरुस्त करता येई, घड्याळही आणि दुसऱ्यांचे संसारही. त्यानं हात लावलेली वस्तू पुन्हा पूर्ववत झाल्याची आठवण कोणाला नव्हती. "साधी गोष्ट आहे. गरम पाणी. पत्रा प्रसरण पावतो, काच पावत नाही. शाळेत शिकवतात."

शाळेत शिकवतात हे खरं. झाकणाच्या आट्यांत लाख असली तर काय होतं हे मात्र शाळेत शिकवत नाहीत. त्यानं पातेल्यात पाणी उकळलं आणि बाटली उलटी करून झाकणापर्यंत बुडवून ठेवली. वरून उडवलेला ठिपका गेला होता, पण कडेला थापलेली लाख तशीच होती. ती उकळत्या पाण्यात मऊ झाली, वितळली, आणि वाट मिळेल तिथे, म्हणजे झाकणाच्या आत, आट्याआट्यांतून झिरपत गेली. पातेल्यात लाल तवंग आला.

"हे लाल काय?" बायकोनं विचारलं. ते तिचं दुधाचं पातेलं होतं.

"मळ," मेहुणा म्हणाला. "मळच धरून ठेवत होता."

"आता एकदम थंड करा," चेअरमन म्हणाले. त्यांना पंच म्हणून बोलावलं होतं, पण ज्या माणसानं वर्षानुवर्षं फक्त पाण्याच्या टाकीवर भाषणं केली, त्याच्यासमोर बाटली ठेवली तर तो गप्प कसा बसणार? "गरम, मग गार. धक्का बसतो वस्तूला."

बाटली फ्रीजमध्ये गेली. सगळ्यांनी चहा घेतला. बाटली बाहेर आली तेव्हा झाकण आणि काच यांच्यामध्ये लाखेची अशी भिंत उभी राहिली होती, की दौतरावांनी उभ्या नोकरीत इतकं चोख सील केलं नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं. लाख गार झाली की काय होते हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण आपलीच लाख आपल्याला नडतेय, हे मेहुण्यासमोर कसं कबूल करायचं? ते म्हणाले, "काच परदेशी आहे. आपल्याकडची असती तर निघालं असतं."

"अहो, फोडून टाका ना," बायको म्हणाली. "फडक्यानं गाळून घेऊ."

घरातला पहिला शहाणपणाचा शब्द होता तो. म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"फोडा?" दौतराव म्हणाले. "भेट आहे ती कचेरीची!"

मग डॉक्टर पुढे सरसावले. दातांचे डॉक्टर, पण हात मोठा. त्यांनी खाली जाऊन अक्कलदाढेची पक्कड आणली. "हालत असेल तर लगेच काढतो," ते म्हणाले. "घट्ट असेल तर आधी सुई द्यावी लागते." हा त्यांचा विनोद होता. त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं असल्यामुळे त्याला हसता येत नाही, म्हणून ते बाहेर विनोद करत. त्यांनी पक्कड लावली, गुडघा दौतरावांच्या टेबलावर रोवला आणि ओढलं. पक्कड सटकली. पुन्हा लावली. पुन्हा सटकली. प्रत्येक वेळी झाकणाच्या कडेचे दाते एकेक करून सपाट होत गेले. बोटाला पकड मिळेल अशी जी काय खरबरीत कडा होती, ती आता नव्या नाण्यासारखी गुळगुळीत झाली.

"कीड नाहीये," डॉक्टर म्हणाले आणि दुसरा चहा मागितला.

"सोसायटीचा मोठा पान्हा आहे," चेअरमन म्हणाले. "टाकीच्या खोलीत. पण तो अर्जाशिवाय देता येत नाही."

"चेअरमन तुम्हीच आहात ना?" मेहुणा म्हणाला.

"म्हणूनच. मीच नियम मोडला तर उद्या कोणीही येईल आणि पान्हा मागेल. दोन ओळी लिहून द्या, मी सही करतो, पान्हा तुमचा."

दौतरावांना हे मनापासून पटलं. अशी माणसं त्यांना आवडत. ते टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला, पेनचं टोपण काढलं आणि तसेच बसून राहिले. पेन रिकामं होतं, आणि धुतलेल्या पेनात रोजची शाई आज जाणार नव्हती.

"हे घ्या, भावजी," मेहुण्यानं खिशातलं बॉलपेन पुढे केलं.

दौतरावांनी त्या काडीकडे पाहिलं. मेहुण्याकडे पाहिलं. पेनचं टोपण पुन्हा लावलं.

"पान्हा नको," ते म्हणाले.

म्हणजे शाईची बाटली उघडायला पान्हा हवा होता, पान्ह्याला अर्ज हवा होता, अर्जाला शाई हवी होती आणि शाई बाटलीत होती. हे सगळं दौतरावांना दिसत होतं. पण कचेरीत त्यांनी लोकांना असं गोल फिरवत ठेवलं तेव्हा त्यांना कधी चक्कर आली नव्हती, मग आताच का यावी?

मेहुण्याला नाक्यावरच्या दुकानात पिटाळलं. नवी बाटली मिळाली तर आण म्हणून. तो रिकाम्या हातानं आला. "शाई म्हटल्यावर त्यानं विचारलं, कुठल्या प्रिंटरची? पेनची म्हटलं तर आतल्या म्हाताऱ्याला बोलावून मला दाखवलं. 'बघा, हे अजून मागतात,' म्हणे."

या सगळ्या वेळात लेक दोनदा बाहेर डोकावून गेली होती. पहिल्यांदा हसत. दुसऱ्यांदा न हसता. तिसऱ्यांदा ती तयार होऊन आली, केस अजून ओले, आणि टेबलाशी उभी राहिली. टेबलावर पक्कड, चाकू, रबरी मोजा, चहाच्या बश्या आणि मधोमध ती बाटली, जशीच्या तशी.

"बाबा," ती म्हणाली, "निघायचंय आपल्याला."

"होईल. होईल आता."

"दुसऱ्या कुठल्याही पेननं सही होते, बाबा. तिथे तसा काही नियम नाहीये."

"नियमाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे."

पंचांनी चहात तोंडं घातली.

"सही करायची नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त टोचला. "मी काही म्हणणार नाही. पण बाटलीच्या नावावर ढकलू नका. इतके महिने पंख्याचं बटण फिरवलंत, आज झाकण फिरवताय."

आणि ती आत गेली.

दौतराव जागच्या जागी बसकण मारून राहिले. आयुष्यात त्यांनी लोकांना विचाराधीन ठेवलं होतं, पण एकदाही 'मी खरंच करणार आहे' असं कोणाला पटवून द्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. ते कसं पटवतात, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कागदावर लिहून दिलं असतं, मोत्यासारख्या अक्षरात. पण पेन रिकामं.

"दार!" मेहुणा एकदम ओरडला. "बिजागरीच्या फटीत झाकण धरायचं, दार दाबायचं आणि बाटली फिरवायची. आमची आई असंच करायची."

"आपल्या आईच्या हाताचं नख काळं होतं कायमचं," बायको आतून म्हणाली. तेही कोणी ऐकलं नाही.

एरवी दौतरावांनी हा उपाय असभ्य म्हणून फेटाळला असता. आता त्यांनी बाटली उचलली आणि बाहेरचं दार गाठलं. अर्ध्या उघड्या दाराच्या फटीत झाकण घातलं, उजव्या हातानं बाटली गच्च धरली. मेहुणा आतून दार हळूहळू लोटू लागला. चेअरमन "जरा, जरा, जरा" म्हणत दिशा दाखवू लागले. आणि काय सांगावं! झाकण कणभर हललं. निदान हलल्यासारखं वाटलं. दौतरावांचा चेहरा उजळला. त्यांनी बोटं आणखी पुढे सरकवली.

नेमका त्याच वेळी जिना चढून बॉलपेनवाला आला. पांढरा शुभ्र शर्ट, हातात गाडीची किल्ली. त्यानं पाहिलं तर दार अर्धवट उघडं आणि फटीतून होणारे सासरे बनियनवर, घामाघूम, दातओठ खाताना दिसताहेत. दुसरा एखादा आत घुसला असता. पण हा पडला सज्जन. मोठ्या माणसाला अशा अवस्थेत बघू नये म्हणून त्यानं नजर वळवली, आणि त्यांची अडचण नको म्हणून बाहेरची कडी धरून अदबीनं दार ओढून घेतलं.

सभ्यतेनं एवढी बोटं चेंगरल्याचं उदाहरण विरळाच. बाटली फटीतून निसटून पायपुसण्यावर पडली, तिला ओरखडा नाही. झाकणाच्या जागी दौतरावांचं पहिलं आणि मधलं बोट गेलं. त्यानंतर जे ऐकू आलं त्यात त्यांच्या अक्षराइतकं वळण नव्हतं.

"काका! काका, मला वाटलं..." बॉलपेनवाला दारातच पांढरा पडला.

"तू विकत असतोस ना पेनं," दौतराव कण्हत म्हणाले, "तीच विक. दारं ओढू नकोस."

डॉक्टरांनी तिथेच बोटं बांधली. दातांच्या डॉक्टरांकडे कापूस भरपूर असतो आणि तोंडात कोंबायची सवय असते. त्यांनी इतका कापूस कोंबला, की उजवा हात उशीएवढा झाला. "हाड शाबूत," ते म्हणाले. पंच म्हणून त्यांचं हे दुसरं शाबूत.

लेक बाहेर आली, ती उशी पाहिली, बाटली पाहिली, होणाऱ्या नवऱ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही. बाबांना सदरा घालायला मदत केली, गुंड्या लावल्या. तिच्या न बोलण्यात काय होतं ते दौतरावांना स्वच्छ वाचता आलं. आता तर हातपण गेला. आता तर सुटलेच. त्यांनी डाव्या हातानं बाटली उचलून खिशात टाकली. का टाकली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नोंदणी कचेरी म्हणजे एक लांब बोळ, भिंतीला टेकून पोक आलेली बाकं, आणि प्रत्येक टेबलावर 'पुढच्या टेबलावर चौकशी करा' असं सांगणारा माणूस. दौतरावांना आत शिरताच घरी आल्यासारखं वाटलं. धुळीचा, गोंदाचा, जुन्या फायलींचा तो वास त्यांनी छातीभर घेतला. अधिकारीही त्यांच्याच जातकुळीचा निघाला, बाहीला रबर लावलेला, चष्म्याच्या वरून बघणारा. नवरानवरीच्या सह्या झाल्या. बॉलपेननं झाल्या, दौतराव भिंतीकडे बघत असताना.

"साक्षीदार क्रमांक एक?"

दौतराव पुढे झाले. डाव्या हातात समोरचं पेन पकडलं. बॉलपेन होतं. त्यांनी ते पकडलं, हे बायकोनं पाहिलं आणि ती चकित झाली. त्यांनी कच्च्या कागदावर सही करून बघितली. तिला सही म्हणायचं धाडस फक्त त्यांच्यात होतं. एखादी गोगलगाय दारू पिऊन गेल्यासारखी ती रेघ दिसत होती.

अधिकाऱ्यानं ओळखपत्रावरची सही बघितली, ही बघितली, पुन्हा ती बघितली. "जुळत नाही."

"हात दुखावलाय. दिसतंय ना."

"मला दिसतंय. कागदाला दिसत नाही," अधिकारी म्हणाला. असलं वाक्य दौतरावांनी स्वतः कितीतरी जणांना ऐकवलं होतं, आणि त्यांच्याच आवाजात ते किती भारदस्त वाटायचं! "दुसरा साक्षीदार द्या. एवढी माणसं आहेत की."

"मी आहे ना," म्हणत मेहुणा पुढे आलाच. खिशातून काडी काढून, टक्कन बटण दाबून, तयार. "भावजी, तुम्ही बसा."

सगळ्यांनाच बरं वाटलं. बाकं तापत होती, मागे पुढच्या नंबरचं जोडपं उभं होतं, आणि सगळ्यांना भूक लागली होती. दौतराव बाजूला झाले असते तर कोणी एका शब्दानं बोललं नसतं. निमित्त हातावर बांधलेलंच होतं, एवढं मोठं.

"राहू दे बाबा," लेक म्हणाली. "मामा करेल."

पुन्हा तोच न चढलेला आवाज. दौतरावांनी तिच्याकडे पाहिलं. ओले केस एव्हाना वाळले होते.

"अंगठा चालतो ना?" त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं.

"कोणाचा?"

"माझा."

मेहुण्याच्या काडीचं बटण टक्कन आत गेलं.

"साक्षीदार निरक्षर असेल किंवा हात निकामी असेल तर चालतो," अधिकारी सावकाश म्हणाला. "पण साहेब, तुम्ही शिकलेले दिसता. रेकॉर्डला अंगठा राहील. कायमचा."

"राहू द्या."

"डाव्या हाताचा लागेल."

"तो मोकळाच आहे."

बायकोनं पदर तोंडाला लावला. ज्या माणसानं पगाराच्या पावतीवर मोलकरणीला अंगठा उठवताना बघून तोंड फिरवलं होतं, तो आपला अंगठा पुढे करून उभा होता. अधिकाऱ्यानं खण उघडला, स्टॅम्पपॅडची डबी काढली, झाकण उघडलं. आत पॅड नदीच्या कोरड्या पात्रासारखं तडकलेलं. त्यावर त्यानं थुंकून बघितलं. काही फरक पडला नाही.

"शाई संपलीय," तो म्हणाला. "मागणी केलीय वर. विचाराधीन आहे."

आणि मग, तुम्हाला सांगतो, दौतराव हसले. कचेरीत माणसं दचकून बघायला लागली, तरी हसत राहिले. हसता हसता त्यांनी डाव्या हातानं खिशातून बाटली काढली आणि लेकीच्या हातात दिली.

"फोड," ते म्हणाले.

"बाबा?"

"फोड म्हणतो ना. बाहेर दगडी पायरी आहे."

"भावजी, पंच..." मेहुणा म्हणाला.

"खड्ड्यात गेले पंच! फोड गं तू."

लेकीनं एकदाच बाबांकडे पाहिलं आणि पायरीकडे धावली. बॉलपेनवाला शिपायाच्या टेबलावरची चहाची बशी उचलून तिच्या मागे. त्यानं बशी खाली धरली, तिनं बाटलीची मान पायरीच्या कडेवर अशी काही हाणली, की त्या घावात पंख्याचं बटण होतं, चष्मा पुसणं होतं, गेले सगळे महिने होते. परदेशी काच दुभंगली. झाकण मानेसकट उडून बाकाखाली गेलं. बशीत थोडी शाई पडली. बाकी सगळी बॉलपेनवाल्याच्या पांढऱ्या शर्टावर, कॉलरपासून पट्ट्यापर्यंत. पक्की, गडद निळी.

"अगंबाई!" बायको म्हणाली. "ही जात नाही!"

"नाहीच जात," दौतराव अभिमानानं म्हणाले.

बशी टेबलावर आली. दौतरावांनी अंगठा बुडवला आणि रकान्यात टेकवला. गरम लाखेवर शिक्का दाबायचा तसाच, किंचित दाबून, किंचित फिरवून, थांबून, अलगद उचलला. गोल आला. इतका स्वच्छ, की अधिकाऱ्यानंही मान हलवली.

लेकीनं बाबांचा तो निळा अंगठा आपल्या रुमालात धरला आणि पुसत बसली. तो पुसला जाणार नाही हे तिला कळत होतं, म्हणूनच पुसत होती.

"अजून एक," अधिकारी म्हणाला. कागद कितीही पूर्ण झाला तरी त्यांचं अजून एक असतंच. "अंगठा कोणाचा, ते शेजारी साक्षर माणसानं लिहावं लागतं. ओळखीच्या."

मेहुण्याचं बटण पुन्हा टक्कन वाजलं. दौतरावांनी कापसाची उशी त्याच्यासमोर आडवी धरली आणि तीच उशी निळ्या शर्टाकडे वळवली.

"हे लिहितील."

बॉलपेनवाला वाकला. घामानं हात चिकट, शर्टातून शाई ठिबकतेय, सासऱ्यांचे डोळे मानेवर. त्यानं लिहिलं. दौतरावांनी चष्मा चढवून ते वाचलं. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती, जणू बसच्या दारात चेंगराचेंगरी झालीये. रेघेशी कोणाचा संबंध नव्हता. आयुष्यात एवढं घाणेरडं अक्षर त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि त्यात त्यांचं नाव होतं.

दौतरावांनी चष्मा काढला. पुसला नाही.

"रोज संध्याकाळी घरी येत जा, जावईबापू," ते म्हणाले. "पानभर लिहून घेतो तुमच्याकडून. वळण लावायला हवं."

"हो, काका. म्हणजे, हो बाबा," जावई गडबडीनं म्हणाला. "कशानं लिहू?"

दौतरावांनी पायरीवरच्या काचा पाहिल्या, बशीतला तळ पाहिला, शर्टावर वाळत चाललेला आपला योग्य प्रसंग पाहिला.

"त्या काडीनंच लिहा," ते म्हणाले. "शाई संपली."